ड्राय वेट: बीपी पडलं की अर्धा किलो वाढवायचं, हे बरोबर आहे का?

रानवारा

घरात डायलिसिसचा पेशंट असलेल्यांनी हे पाहिलेलं असेल. तिसरा तास संपत आला की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, सिस्टर यूएफ (मशीनने पाणी काढणं) थांबवतात, थोडं सलाईन सोडतात. पुढच्या खेपेला फाइलवर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावर राहायला हवं ते वजन, अर्ध्या किलोने वाढलेलं. काही आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. माझ्या सासऱ्यांचं असं करत करत ५६.५ चं ५८ झालंय. आता गोळे येत नाहीत म्हणून सगळे खूश.

मला हे पटत नाही. मधे त्यांना न्यूमोनिया झाला, दंड-मांड्या पार उतरल्या. मांस गेलं म्हणजे ड्राय वेट खाली यायला हवं होतं, आम्ही ते वर नेलं! हा दीड किलो पाण्याशिवाय दुसरा कसला असणार? पायाला सूज नाही असं सांगतात, पण अंगात दोन-तीन लिटर जादा पाणी साठेपर्यंत बोट दाबून खड्डा पडतच नाही. तोवर ते सगळं हृदयाच्या माथी. डावा कप्पा ताणला जातो, त्याची भिंत जाड होत जाते. डायलिसिस सुरू व्हायच्या वेळीच चारातल्या जवळपास तिघांची भिंत जाड झालेली असते, त्यात ही भर.

हे काही नवीन नाही. १९६० साली सिएटलमध्ये डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी क्लाइड शील्ड्स या पेशंटला कायमच्या डायलिसिसवर घेतलं, तेव्हा त्याचं बीपी हाताबाहेर गेलं होतं. ते आटोक्यात आणलं पाणी काढून आणि मीठ तोडून. फ्रान्समधल्या तासँच्या केंद्रात आठ-आठ तासांचं संथ डायलिसिस आणि कमी मीठ, एवढ्यावर बहुतेकांच्या बीपीच्या गोळ्या बंद झाल्या. २००९ च्या ‘ड्रिप’ चाचणीत दीडशे पेशंट होते. ज्यांचं ड्राय वेट मुद्दाम खाली आणलं, त्यांचं सरासरी एक किलो उतरलं आणि आठ आठवड्यांत वरचं बीपी इतरांपेक्षा सहा-सात अंकांनी जास्त खाली आलं. एका किलोत!

थोडक्यात, अर्धा किलो वाढवणं ही त्या दिवसापुरती सोय आहे. उपचार नव्हे.

मशीनमागे

टेक्निशियन आहे, रोज हेच करतो. ताई/दादा (नावावरून कळत नाही), तुमचं म्हणणं वाचायला छान आहे. शील्ड्सचं पुढचंही सांगा की. १९७१ साली गेला, हार्ट अटॅकने.

मशीन पाणी काढतं ते फक्त रक्तातून. रक्तातला पातळ भाग सगळा मिळून तीनेक लिटर, आणि आम्ही चार तासांत काढतो तेवढंच, कधी जास्त. बाकीच्या अंगातलं पाणी मागून रक्तात झिरपत यावं लागतं. ते आपल्या गतीने येतं, यूएफचा आकडा बघून येत नाही. काढायचा वेग झिरपण्याच्या पुढे गेला की बीपी पडलंच.

आणि हृदयाचं म्हणत असाल तर त्याची दुसरी बाजू ऐका. २००९ साली ७० पेशंटचा डायलिसिसच्या आधी आणि चालू असताना इको (हृदयाची सोनोग्राफी) करून पाहिला होता. जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या हृदयाचा काही भाग चालू डायलिसिसमध्ये नीट आकुंचन पावत नव्हता. रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो, भाग बधिर होतो, नंतर सावरतो. आठवड्यातून तीन वेळा असं होत राहिलं की काही भाग सावरायचाच राहतो. जितकं जास्त पाणी काढाल आणि बीपी जितकं पडेल, तितकं हे जास्त. तुम्हाला दीड किलो पाणी दिसतंय, मला पांढरा पडलेला चेहरा आणि जांभया दिसतात. बीपी पडायच्या आधी खूप जण जांभया द्यायला लागतात, मॉनिटर बोंबलायच्या आधी.

रानवारा

@मशीनमागे, सून आहे, ताई चालेल. शील्ड्स अकरा वर्षं जगला, ज्या काळात आठवडे मोजायचे. असो.

तुम्ही दोन गोष्टी एकत्र करताय. किती पाणी काढायचं हा एक प्रश्न, किती वेगाने काढायचं हा दुसरा. तुमची सगळी तक्रार वेगाची आहे. मग वेग कमी करा, वेळ वाढवा! ड्राय वेट का वाढवायचं?

मशीनमागे

हिशेब मांडू. ५८ किलो, मधल्या दिवसांत ३ किलो वाढ, ४ तास. ३००० भागिले ५८ भागिले ४, म्हणजे किलोमागे तासाला जवळपास १३ मिली. २०११ साली जुन्या ‘हीमो’ चाचणीतले आकडे पुन्हा तपासले, त्यात १३ च्या वर वेग असलेल्यांत १० च्या आतल्यांपेक्षा हृदयविकाराने मृत्यूचा धोका सत्तर टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला. म्हणजे तुमचे सासरे आत्ताच काठावर आहेत. साडेचार तास बसले तर साडेअकरा होतो. बसतील? निम्मे लोक साडेतीन तासांतच ‘काढा आता’ म्हणतात. आणि बाहेर पुढच्या शिफ्टचा माणूस उभा असतो.

आकडेमोड

त्या २०११ च्या अभ्यासावर फार भार टाकू नका. कुणाला कुठला वेग द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. ज्याचं वजन दोन दिवसांत चार किलो वाढतं त्याचा वेग आपोआप जास्त, आणि चार किलो वाढण्यामागे त्याची वेगळी कारणं असतात. वेगामुळे मेले की ज्यामुळे वेग वाढवावा लागला त्यामुळे, हे त्या आकड्यांतून सुटत नाही. १३ या आकड्यावर अलीकडे फारच श्रद्धा बसलीय.

रानवारा ताईंच्या ‘ड्रिप’लाही हेच. बीपी खाली आलं, मान्य. आठ आठवड्यांत कोण जास्त जगलं हे ती चाचणी सांगूच शकत नाही.

तिसरी पाळी

मी खुर्चीतला माणूस. दोन्ही बाजूंचं वाचून गंमत वाटली, पेशंटला कोणी विचारतच नाही.

मला एकदा कोरडं करायचा प्रयोग झाला होता. वजन खाली आलं, बीपी सुधारलं, छातीचा फोटो स्वच्छ. आणि दिवसाला पेलाभर लघवी व्हायची ती पार आटली. उरलेलं मूत्रपिंड जेवढं चालतं तेवढं सोन्याचं असतं, त्याच्या जिवावर मधले दोन दिवस निभतात. वारंवार बीपी पाडलं की पहिला बळी त्याचाच. आता मी स्वतःच सांगतो, मला तीनशे-चारशे ग्रॅम वर ठेवा. त्या दिवशी घरी जाऊन माणसात बसता येतं, नाहीतर संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून.

आणि ‘पाणी कमी प्या’ हा उपदेश बंद करा. तहान लागते ती मिठाने. साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्याच्यासाठी लिटरभर पाणी मागून घेतंच. मीठ न तोडता पाणी तोडायला सांगणं म्हणजे छळ आहे.

रानवारा

@तिसरी पाळी, मिठाचं शंभर टक्के मान्य. पण सासऱ्यांना लघवी होतच नाही, दीड वर्षापासून. जपायचं काही उरलेलं नाही. मग तुमचा नियम त्यांना का लावायचा?

वाचनमात्र

मशीनने पाणी मोजता येतं ना हल्ली? मग वाद कशाला?

मूत्रपिंडवाला

मोजता येतं, वाद मिटत नाही. फुप्फुसाच्या सोनोग्राफीवर पाणी ठरवून पाहिलं, २०२१ ची ‘लस्ट’ चाचणी, साडेतीनशेहून जास्त पेशंट. फुप्फुसातलं पाणी नक्की कमी झालं. पण मृत्यू, हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर एकत्र धरून पाहिलं तर दोन गटांत ठोस फरक आला नाही. रक्त किती घट्ट होतंय ते सतत बघत पाणी काढायची एक पद्धत आहे, तिच्या २००५ च्या चाचणीत तर मॉनिटरवाल्या गटालाच जास्त वेळा भरती व्हावं लागलं, मृत्यूही त्यात जास्त. मशीनचं पाणी थंड ठेवलं की बीपी कमी पडतं म्हणून कॅनडात १५ हजारांवर पेशंटवर ते करून पाहिलं, २०२२ साली निकाल आला: हृदयाच्या बाबतीत फायदा शून्य.

एका गोष्टीवर मात्र कोणी बोललं नाही. आठवड्यातला तो दोन दिवसांचा मोठा खंड. २०११ साली ३२ हजार पेशंटचे आकडे आले, त्यात मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू स्पष्टपणे जास्त होते. पाणी साठतं, पोटॅशियम चढतं आणि त्याच दिवशी आम्ही सगळ्यात जास्त ओढतो. २०१० च्या चाचणीत आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस दिलं तर हृदयाचं जाडपण कमी झालं, बीपीही. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात तयार केलेल्या शिरेच्या) कटकटी वाढल्या, आणि सहा वेळा येणार कोण?

रानवारा ताईंच्या मुद्द्यावर माझं मत: बीपी पडलं म्हणून ड्राय वेट वाढवणं हे शेवटचं पाऊल असावं, पहिलं नाही. सकाळची बीपीची गोळी घेऊन येतात का? मशीनवर खातात का? मधुमेह असेल तर बीपी सावरणाऱ्या मज्जातंतूच साथ देत नाहीत. हृदयाभोवती पाणी आहे का? हे न बघता अर्धा किलो वाढवणं आळशीपणा आहे. पण न्यूमोनियानंतर मांस किती गेलं हे घरी बसून ठरवणंही तितकंच धाडसाचं.

मशीनमागे

आळशीपणा हा शब्द लागला, डॉक्टर. रात्रपाळीला सहा मशीनमागे मी एकटा असतो. बीपी ७० वर आलं की आधी माणूस वाचवायचा, गोळीची चौकशी नंतर. आकडा फाइलवर तुमच्याच सहीने वाढतो.

रानवारा

सही राउंडला होते, न बघता, हेही खरं.

मी उद्या हे मागणार आहे: साडेचार तास, आणि खेपेला दोनशे ग्रॅम जास्त काढायचं. ३२०० भागिले ५८ भागिले साडेचार, म्हणजे सव्वाबारा. मशीनमागेंच्या १३ च्या आत बसतं. आठ खेपांत दीड किलो उतरेल. सासरे अर्धा तास बसायला तयार आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय (तिसरी पाळी यांच्यासाठी).

तिसरी पाळी

आठ खेपा सलग बसू देत, मग बोलू.

मूत्रपिंडवाला

तेरा ही भिंत नाही. हृदयाचं पंपिंग आधीच कमी असेल तर दहाच्या पुढेच धोका दिसायला लागतो, त्यामुळे आधी इको बघा. तो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी केलेला हवा. खंडाच्या शेवटी, अंगात पाणी असताना केला असेल तर कप्प्यांची मापं फुगलेली येतात. तुमच्याकडचा कधीचा आहे?

रानवारा

रिपोर्टवर तारीख आहे, वार सोमवार. त्यांचा डायलिसिस सोमवारी दुपारी असतो, इको सकाळी झाला होता.

मूत्रपिंडवाला

म्हणजे मोठ्या खंडानंतरचा. परत करून घ्या, मंगळवारी.