बार्लीवरच्या खोंडांना एन्झाइम द्यावं का?

माणदेशी_अल्बर्टा: नमस्कार मंडळी. मी कॅनडात, लेथब्रिजजवळच्या एका फीडलॉटवर (मांसासाठी जनावरं पोसायचं मोठं आवार) खाद्य मिसळायचं काम बघतो. शेवटच्या टप्प्यातल्या खोंडांना कोरड्या वजनाच्या हिशेबानं ८५ टक्के बार्ली, बाकी बार्लीचं सायलेज (आंबवलेला हिरवा चारा, मुरघास) आणि पूरक मिश्रण. एक विक्रेता एन्झाइमची (खाद्य पचवायला मदत करणाऱ्या प्रथिनांची) पूड घेऊन आलाय. म्हणतो, किलोभर वजन वाढायला लागणारं खाद्य कमी होईल. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू एन्झाइम बनवतातच ना? मग वरून कशाला? मालकांना सोमवारी सांगायचंय.

पोल्ट्रीवाला_सांगली: भाऊ, बिनधास्त घाला. कोंबडीला बार्ली दिली की त्यातल्या बीटा-ग्लुकन या चिकट तंतूमुळे आतड्यात चिकटपणा येतो, विष्ठा ओली होते. ते फोडणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकनेज, घातलं की लगेच फरक.

गोठा_ते_नेब्रास्का: सांगलीकर दादा, कोंबडीत तुमचं अगदी बरोबर. पण गाईच्या कोटीपोटातले (पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू बीटा-ग्लुकन सहज फोडतात, तिथं ती अडचणच नाही. मी १२ वर्षं फीडलॉटचा आहार ठरवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माणदेशी भाऊ, तुमच्या शंकेचं उत्तर आम्लतेत आहे. इतकं धान्य खाल्लं की कोटीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) दिवसातले कित्येक तास ६ च्या खाली राहतो आणि तंतू पचवणारे जंतू मंदावतात. बार्लीचं टरफल मग तसंच बाहेर पडतं. विकत मिळणारी तंतू पचवणारी एन्झाइमं बहुतेक ट्रायकोडर्मासारख्या बुरशीपासून काढतात, त्यांना आम्ल चालतं. तुमच्याच लेथब्रिजच्या सरकारी संशोधन केंद्रात १९९० च्या दशकात हे तपासलं होतं. झायलनेज (टरफलातले तंतू फोडणारं एन्झाइम) जास्त असलेल्या पुडीचा फायदा बार्लीवर दिसला, मक्यावर नाही. म्हणजे विक्रेता अगदीच हवेत बोलत नाही.

पण पुडीत काय आहे ते आधी विचारा. स्टार्च फोडणारं अमायलेज असेल तर बार्लीवर मी नको म्हणेन. बार्लीचा स्टार्च आधीच भराभर आंबतो, त्याला आणखी घाई केली तर अॅसिडोसिस (पोटात आम्ल वाढून होणारा आजार) आणि पुढं लंगडी जनावरं. झायलनेज असेल तर पाण्यात कालवून कोरड्या दाण्यावर आदल्या दिवशी फवारा. दाण्याला चिकटलेलं एन्झाइम पोटात जास्त टिकतं. गोळीपेंडेच्या वाफेत घालू नका, उष्णतेनं मरतं.

आणि सगळ्यात आधी शेण धुवा. खरंच सांगते. १०-१२ जनावरांचं ताजं शेण चाळणीत घ्या, नळाखाली धरा. अख्खे दाणे दिसले तर पैसा एन्झाइमवर नको, रोलर मिलवर (दाणे चेपून फोडणाऱ्या यंत्रावर) घाला. न फुटलेल्या टरफलाच्या आत एन्झाइम शिरत नाही. मी एका फीडलॉटवर पूर्ण हंगाम एन्झाइमवर वाया गेलेला पाहिलाय, दोष रोलरच्या झिजलेल्या खाचांचा होता.

माणदेशी_अल्बर्टा: ताई, आज सकाळीच धुतलं. चौथ्या आणि सातव्या पेनमध्ये (जनावरांच्या कुंपणाच्या कप्प्यात) मूठ-मूठ अख्खी बार्ली निघाली! दोन शेतकऱ्यांचा माल एकत्र झालाय, एक दाणा टपोरा, दुसरा बारीक. रोलरची फट टपोऱ्यावर बसवलेली, बारीक तसाच निसटतो.

गोठा_ते_नेब्रास्का: मग दोन्ही माल वेगळे दळा. दळल्यावरचं लिटरचं वजन आधीच्या ७५ ते ८० टक्के यायला हवं, त्याहून बारीक केलंत तर पीठ होऊन पोट बिघडेल. ते जमल्यावर एन्झाइमची चाचणी घ्या. एकाच दिवशी आलेली खोंडं चिठ्ठ्या टाकून निदान आठ पेनमध्ये वाटा, चारला द्या, चारला नाही. एक पेन विरुद्ध एक पेन असला हिशेब मालकांना दाखवू नका.

माणदेशी_अल्बर्टा: सोमवारी मालकांपुढं आधी चाळणीच ठेवतो.