मदत हवी आहे: मॅमोग्राफी (स्तनांचा एक्सरे) सेंटरला परवानगी आहे की नाही हे कसं ओळखायचं? (जळगाव-धुळे)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे पण पूर्ण वाचा, आणि कोणाला माहिती असेल तर खरंच सांगा, आमच्याकडे वेळ कमी आहे.

माझी मोठी मावशी, वय ५४, पारोळा तालुक्यात खेड्यावर राहते. फेब्रुवारीत गावच्या आशाताईने तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांचे फॉर्म भरून घेतले आणि उपकेंद्रात तपासणीला नेलं. तिथल्या सिस्टरने हाताने तपासलं तर डाव्या बाजूला, काखेच्या अगदी जवळ गाठ लागली. दुखत नाही काही नाही, बोराएवढी असेल. सिस्टरने चिठ्ठी देऊन मॅमोग्राफी करून घ्या सांगितलं. काका तिला शहरात एका खाजगी सेंटरला घेऊन गेले (नाव लिहीत नाही), दोन दिवसांनी रिपोर्ट आला, त्यात खाली ठळक अक्षरात "बायरॅड्स ०" (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निष्कर्ष सांगणारा आकडा). काकांनी तेवढंच वाचलं आणि घरी येऊन सांगितलं की झिरो आलं, म्हणजे काहीच नाही. मावशीने मारुतीला नारळ फोडला आणि विषय संपला.

मग आखाजीला (अक्षय तृतीयेला) मी गेले. मावशी खापरावर मांडे टाकत होती, मी बाजूला बसून सहज म्हटलं रिपोर्ट दाखव ना. पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्ड आणि बँकेच्या पासबुकाखालून तिने फाईल काढून दिली. झिरोच्या वरच्याच ओळीत बारीक इंग्रजीत लिहिलेलं की तपासणी अपूर्ण, सोनोग्राफी करा आणि जुन्या फिल्म असतील तर तुलना करा. दोन महिने गेले होते हो. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्या सेंटरला गेले. काउंटरच्या मागे भिंतीवर फ्रेम केलेलं सरकारी सर्टिफिकेट आहे, शेजारी "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी. मला वाटलं परवानगी आहे म्हणजे. नंतर नीट वाचलं तर ते सोनोग्राफीचं निघालं. मॅमोग्राफीचं कुठंय विचारलं तर "सगळं आहे मॅडम, साहेब आले की विचारा". साहेब संध्याकाळी येतात, आमची एसटी साडेचारची. आणि फिल्मवर चित्रं दोनच आहेत, एका बाजूचं एक. हे बरोबर आहे का तेही मला माहीत नाही.

तर प्रश्न असे की मॅमोग्राफीच्या मशीनला परवानगी कोण देतं, राज्य सरकार की केंद्र? ती आपल्यासारख्या माणसाने कशी तपासायची? परत तिथेच करायची की दुसरीकडे? मावशी म्हणते "कसाले येवढा पैसा घालस, माले काय बी नही व्हयनं". तिला समजावून नेणं हे वेगळंच काम आहे.

प्रतिसाद: भुसावळकर_टेक्निशियन

ताई, मी १४ वर्षं एक्सरेत काम करतो, मला माहीत आहे तेवढं सांगतो. एक्सरे, सीटी, मॅमोग्राफी, ज्यात किरणं आहेत त्या सगळ्याला परवानगी केंद्राची लागते, एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबईत अणुशक्तीनगरला ऑफिस आहे. १९८३ साली स्थापन झालं. आधी मशीनचं मॉडेल त्यांनी मंजूर केलेलं पाहिजे, मग सेंटरने ई-लोरा नावाच्या त्यांच्या ऑनलाइन सिस्टीमवर त्या मशीनची नोंदणी करायची. नोंदणी ५ वर्षांची असते. शिवाय दर २ वर्षांनी मशीनची क्वालिटी टेस्ट (क्यूए), तीही एईआरबीने मान्य केलेल्या एजन्सीकडून. म्हणून सेंटरला दोनच कागद मागायचे: मॅमोग्राफी मशीनचं नोंदणी सर्टिफिकेट आणि शेवटचा क्यूए रिपोर्ट. दोन्हीवरच्या तारखा बघा. पत्ता आणि मशीनचा नंबर तोच आहे का तेही बघा, कारण मशीन बदललं की नोंदणी नवी लागते. अजून एक, टेक्निशियनच्या छातीवर टीएलडी बॅज लावलेला असतो, किरणं मोजायचा. तो नसेल तर तिथे नियम किती पाळतात ते समजून घ्या.

तुम्ही भिंतीवर पाहिलंत ते पीसीपीएनडीटी, १९९४ च्या कायद्याचं. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी सोनोग्राफी मशीनची नोंद असते ती. मॅमोग्राफीशी काही संबंध नाही. बरेच पेशंट तेच बघून निश्चिंत होतात.

आणि चित्रं चार पाहिजेत! प्रत्येक बाजूची दोन, एक वरून खाली दाबून आणि एक तिरकी. तिरक्या फिल्ममध्येच काखेकडचा भाग येतो. तुमच्या मावशींची गाठ काखेजवळ आहे म्हणता आणि तिरकी फिल्मच नाही, मग तो भाग धड पाहिलाच गेला नसेल. दुसरीकडे करा.

प्रतिसाद: शिकागोची_अमळनेरकर

मी इथे इलिनॉयमध्ये आहे, इथली पद्धत सांगते, तुलनेसाठी. इथे १९९२ चा मॅमोग्राफी क्वालिटीचा वेगळाच कायदा आहे, एमक्यूएसए म्हणतात. सर्टिफिकेटशिवाय सेंटर चालवताच येत नाही आणि ते पेशंटला दिसेल असं लावावं लागतं, साधारण ३ वर्षांचं असतं. बहुतेक ठिकाणी ते एफडीए, म्हणजे इथली केंद्राची अन्न-औषध संस्था देते, पण इलिनॉय, आयोवा अशी काही राज्यं स्वतःच देतात. दरवर्षी इन्स्पेक्टर येतो. फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरने २४ महिन्यांत ९६० तपासण्या वाचलेल्या असाव्या लागतात, म्हणजे नजर बसलेली राहते. पण सगळ्यात चांगलं मला हे वाटतं की बाईला साध्या भाषेतलं पत्र द्यावंच लागतं, ३० दिवसांच्या आत, आणि संशय असेल तर ७ दिवसांत. माझं पत्र आलं तेव्हा पहिल्याच ओळीत होतं की अजून तपासणी लागेल, घाबरू नका पण या. असं पत्र मावशींना मराठीत मिळालं असतं तर काकांचा गैरसमज झालाच नसता.

प्रतिसाद: तापीकाठ

बायरॅड्सबद्दल लिहितो, माझ्या बायकोच्या वेळी शिकलो. ० म्हणजे अपूर्ण, अजून बघायचं आहे. १ आणि २ ठीक. ३ म्हणजे बहुतेक साधं, पण ६ महिन्यांनी परत. ४ आणि ५ ला बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. आणि हाताला गाठ लागते म्हटल्यावर मॅमोग्राफी चांगली आली तरी थांबू नका, सर्जनला दाखवाच. आम्हाला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं की आधी सुईची बायोप्सी, गाठ काढायची घाई करायची नाही. जुनी फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत न्या. त्या दिवशी पावडर, डिओ काही लावू नका, फिल्मवर ठिपके दिसतात.

प्रतिसाद: भुसावळकर_टेक्निशियन

एक राहिलं. एईआरबी मशीन आणि किरणांची सुरक्षा बघते, रिपोर्ट कोणी कसा वाचला ते त्यांच्या कक्षेत नाही. इमेजिंग सेंटरसाठी एनएबीएचचं (दवाखान्यांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन असतं पण ते ऐच्छिक आहे. रिपोर्टवर डॉक्टरची सही, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर आहे का बघा. डॉक्टरबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते, मशीनबद्दल असेल तर एईआरबीकडे.

अपडेट (मूळ पोस्ट लिहिणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष म्हणजे भुसावळच्या दादांचे. तुम्ही सांगितलं तसं मी तीन सेंटरना आधी फोन केले आणि दोनच कागद मागितले. एकाने फोनच ठेवला. एक म्हणाले इथे येऊन बघा. तिसऱ्यांनी अर्ध्या तासात नोंदणीचा आणि क्यूएचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, क्यूए मागच्या वर्षीचाच होता. तिथेच गेलो. बॅज होता, चार फिल्म काढल्या, डावीकडची एक परत मोठी करून काढली, आणि डॉक्टरीणबाईंनी स्वतः तिथल्या तिथे सोनोग्राफी केली. मशीनमध्ये दाबलं तेव्हा मावशीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. तिरक्या फिल्मवर गाठ स्पष्ट दिसते, मलासुद्धा दिसली. बायरॅड्स ४ आलं आहे. बाईंनी मावशीला समोर बसवून मराठीत समजावलं की ४ म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही, पण सुईने तुकडा काढून तपासावाच लागेल. तेव्हा कुठे मावशी तयार झाली. बायोप्सी शुक्रवारी झाली, रिपोर्ट पुढच्या गुरुवारी आहे.

काका दोन दिवस जेवले नाहीत, माझ्यामुळे दोन महिने गेले म्हणतात. मी त्यांना तो पहिला रिपोर्ट परत दाखवला, सगळा इंग्रजीत, तो कसा कळणार त्यांना.

आशाताईला नोंदणीच्या कागदाचा फोटो पाठवला आहे, त्यांच्या यादीत अजून दोन बायका मॅमोग्राफीला जायच्या आहेत, त्यांना काय मागायचं ते सांगते म्हणाल्या. आता फक्त एवढंच विचारायचं आहे की दोन फिल्मवरच रिपोर्ट दिल्याची तक्रार मेडिकल कौन्सिलकडे कोणी केली आहे का, अर्जासोबत काय काय जोडावं लागतं? जुनी फाईल आता माझ्याकडेच ठेवली आहे.