तास ठरवून भागत नाही, भाऊ

भाऊ, ‘दमून जायचं नसेल तर समाजकार्याला रोज एकच तास द्या’ हा तुमचा सल्ला मे महिन्यात पाणपोई चालवणाऱ्याला सांगून बघा! नागपुरात पारा ४५ला टेकला की माठ भरदुपारी रिकामे होतात, ते काय तुमच्या तासाची वाट बघतात? आणि दमवतं ते काम नाही, फोन दमवतो. टँकर आला का, ग्लास कुठे ठेवले, किल्ली कोणाकडे, सगळं एकाच माणसाला विचारायचं. म्हणून आम्ही किल्ली दर आठवड्याला फिरवतो. किल्ली ज्याच्याकडे, फोन त्यालाच. बाकीच्यांनी ग्रुप म्यूट केला तरी कुणी तोंड वाकडं करायचं नाही. (हिशेब मात्र एकाकडेच ठेवा, नाहीतर भांडणं ठरलेली.)

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीजवळ अन्नदानाला उभे राहणाऱ्यांनी पाळ्या आधीच लिहून काढाव्यात आणि पाळी संपलेल्याला सरळ घरी हाकलावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पार गळून जाण्याची, लक्षणं सांगितली, त्यात थकव्यासोबत कामाबद्दलचा तुसडेपणाही आहे. ती व्याख्या नोकरीधंद्यापुरती, हे खरं. पण पाणी मागणाऱ्यावर कार्यकर्ता खेकसायला लागला की त्याला पंधरा दिवस सुट्टी द्याच.