काळा रंग नको, आणि अँटेना सगळ्यात शेवटी
दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रात्रीच्या लढाऊ विमानाचं मॉडेल करताना 'रात्रीचं विमान म्हणजे काळंच रंगवायचं' हा सल्ला सुरुवातीच्या विमानांपुरता ठीक आहे. साधारण १९४३ पासून रात्रीची बहुतेक जर्मन विमानं फिकट निळसर राखाडी आणि वरून गडद राखाडी ठिपके अशी असत, कारण रात्रीच्या आभाळात काळा आकारच जास्त उठून दिसायचा.

युंकर्स ८८ या विमानाचा 'जी' प्रकार करताय तर खरी कसोटी नाकावरच्या रडारची. किटमधल्या अँटेनाच्या प्लास्टिकच्या दांड्या जाड दिसतात, हात लागला की मोडतात. पितळी तारेच्या करा आणि सगळ्यात शेवटी लावा. 'जी'वरच्या एसएन-२ या रडारच्या दांड्या काही विमानांवर उभ्या, काहींवर ४५ अंशांत तिरक्या. म्हणून आधी त्याच विमानाचा फोटो शोधा. मे १९४३ मध्ये स्कॉटलंडला उतरलेलं युंकर्स ८८ 'आर-१' ब्रिटनच्या हवाई दलाच्या (आरएएफ) म्युझियममध्ये आहे, पण त्याचं रडार जुनं, छोट्या दांड्यांचं. ते बघून जी बनवू नका.