रोटरच्या आवाजाचं सिम्युलेशन जमतंय, मग विंड टनेल कशाला?

रोटरवाला:
सरळ मुद्द्यावर येतो. हेलिकॉप्टरच्या रोटरच्या (फिरणाऱ्या पात्यांच्या) आवाजासाठी विंड टनेलवर, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात मॉडेल ठेवून मोजण्यावर, एवढा खर्च अजून का करतात? आता सीएफडीत (संगणकावर हवेच्या प्रवाहाचं गणित) जिथे हवेचा भोवरा तिथे मेश, म्हणजे हिशोबाची जाळी, आपोआप बारीक होते, पातं किती वाकतं-पिळतं ते दुसऱ्या कोडमधून येतं, दोन्ही जोडले की लिफ्ट, टॉर्क सगळं मस्त जुळतं. मग आवाजानेच काय घोडं मारलंय?

शंकासुर:
लिफ्ट जुळली म्हणून आवाज जुळला? लिफ्ट ही बेरीज आहे राव, त्यात चुका एकमेकींना खाऊन टाकतात. आवाज ठरतो दाब किती झपाट्याने बदलतो त्यावर. ११० डेसिबल म्हणजे जेमतेम ६ पास्कल, आणि हवेचा दाब लाखाच्या वर. एवढंसं काय पकडणार तुमची मेश?

रोटरवाला:
अहो पण हवेतून आवाज सीएफडीने कोण वाहून नेतं? पात्यावरचा दाब घ्यायचा, फोक्स विल्यम्स-हॉकिंग्ज समीकरणात घालायचा (त्या दाबावरून लांबचा आवाज काढणारं, १९६९ चं आहे, अजून ठणठणीत), झालं काम.

शंकासुर:
तो दाब बरोबर असला तर ना! उतरताना रोटर स्वतःच्याच वेकमध्ये (स्वतःच ढवळून मागे सोडलेल्या हवेत) शिरतो, पुढच्या पात्याच्या टोकाचा भोवरा मागून येणाऱ्या पात्याला घासून जातो आणि तो फटफट आवाज निघतो, आता भोवरा किती जवळून गेला आणि त्याचा गाभा केवढा यावर सगळा खेळ. मेश जाड असली की पात्यापर्यंत पोचायच्या आतच तो पसरून मऊ होतो. मग रिपोर्टात लिहायचं, नवीन रोटर शांत आहे. कसला शांत, मेश जाड होती!

मेशमग्न:
मेशवरून भांडताय, टाइम स्टेप, म्हणजे दर हिशोबाला रोटर किती पुढे सरकवायचा, ती कुणी बघितली का? एक-एक अंशाने रन केलं की एका फेरीत ३६० स्टेप. चार पात्यांच्या रोटरला चाळिसावा हार्मोनिक (पाती जाण्याच्या मूळ वारंवारतेच्या चाळीसपट) म्हणजे फेरीत १६० आवर्तनं, म्हणजे एका आवर्तनाला सव्वादोन पॉइंट, त्यातून काय डोंबल दिसणार. पाव अंश घेतला तर नऊ मिळतात, पण मग रन कधी संपेल ते विचारू नका.

रोटरवाला:
पाव अंशाने चालवतात की लोक. हार्ट-२ या रोटरच्या टेस्टशी जुळवलेले निकाल बघा.

शंकासुर:
हार्ट-२ आलं कुठून? २००१, जर्मन-डच विंड टनेल, बो-१०५ हेलिकॉप्टरचा ४० टक्के मापाचा रोटर, व्यास ४ मीटर. टनेल नको म्हणायचं आणि साक्षीला टनेलच आणायचं 😀

रोटरवाला:
एकदा झाली ना टेस्ट, मग तीच पुरवा. पात्याच्या टोकाचे वीस आकार तपासायचे तर वीस मॉडेल पाती बनवत बसू का?

शंकासुर:
वीस आकार फ्री-वेकच्या (मेशशिवाय नुसता भोवऱ्यांचा माग काढणाऱ्या) हलक्या कोडने चाळा, त्याला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. उरतील त्या दोघांवर सीएफडी करा आणि तीच दोन टनेलमध्ये न्या. बो-१०५ च्या सरळ, चौकोनी टोकाच्या पात्याशी जुळलं म्हणून वळलेल्या टोकाशी जुळेलच असं नाही. आणि हो, प्रेशर सेन्सर पुढच्या कडेजवळ दाटीने बसवा, भोवऱ्याचा फटका तिथेच दिसतो. हार्ट-२ मध्ये ८७ टक्के त्रिज्येवर होते तसे.