हेलपाटा म्हणजे नुसती चक्कर नव्हे

माझी भाची पुण्यात शिकते. गेल्या आठवड्यात ती अमळनेरला आमच्याकडे आली होती. त्याच दिवशी मी एका दाखल्यासाठी कचेरीत जाऊन काम न होता परतलो. साहेब जागेवर नव्हते, तिथले लोक उद्या या म्हणाले. ओट्यावर बसलेल्या आईला मी दारातूनच सांगितलं, "फुकट हेलपाटा पडना व माय." भाचीने विचारलं, "मामा, हेलपाटा म्हणजे चक्कर ना?" मी हो म्हणून मोकळा झालो, पण ते 'हो' मनाला लागून राहिलं. चक्कर तर बाजारातही होते, गप्पा मारायला मित्राकडेही होते. तिला कोणी हेलपाटा म्हणत नाही.

हेलपाटणे हे मुळात चालण्याचं क्रियापद. तोल एका अंगाला जातो, माणूस सावरतो, पुन्हा दुसऱ्या अंगाला झुकतो. आठ दिवस तापात पडलेला माणूस भिंतीचा आधार घेत न्हाणीपर्यंत जातो, तो हेलपाटत जातो. झोकांड्या खाणं वेगळं, त्याला दारूचा नाहीतर झोपेचा वास येतो. लटपटतात ते पाय, आणि बहुतेक वेळा भीतीने. डुगडुगतो तो दात किंवा टेबलाचा पाय. हेलपाटण्यात दोष माणसाचा नसतो, अंगात त्राण नसतं किंवा अंगावर भार असतो. ही भाराची गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कारण शब्दाच्या तोंडाशी 'हेल' आहे. हेलकावा, हेलावणे, हेल काढून बोलणे ही सगळी त्याची भावंडं. एका बाजूला जायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांच्यात समान आहे. आम्ही खानदेशी माणसं कितीही ठरवून प्रमाण मराठी बोललो तरी दोन वाक्यांत ओळखू येतो ते या हेलामुळेच. आवाजाचाही तोल असा झुलतो. पण 'हेल'चा आणखी एक अर्थ आहे आणि तो आता फार थोड्यांच्या तोंडी उरलाय: एका खेपेला वाहून आणलेलं ओझं. पाण्याची हेल, गवताची हेल. ओझी वाहणारा तो हेलकरी.

माझी मोठी माय विहिरीवरून पाणी आणायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. मी मागून चालायचो, म्हणून मला तिची पाठच जास्त आठवते. मान जराही हलायची नाही, सगळा झोका कमरेत. डावं पाऊल पडलं की कंबर डावीकडे, उजवं पडलं की उजवीकडे. वर कळशीतलं पाणी हिंदकळायचं आणि लुगड्याचा एकच खांदा भिजायचा, नेहमी उजवा. हिंदकळणं पाण्याचं, हेलकावा कमरेचा आणि हेल त्या सगळ्या ओझ्याची. तिन्ही शब्द एकाच बाईच्या अंगावर चालताना मी पाहिलेत. चैतात विहिरीचा तळ दिसायला लागला की ती रिकामा हंडा घेऊन परत यायची आणि हंडा ओट्यावर आदळून म्हणायची, "हेलपाटा पडना."

म्हणून मला वाटतं, चालीचा हेलपाटा आणि फुकट खेपेचा हेलपाटा हे दोन शब्द नव्हेत, एकच आहे. गेलो, आलो, हाती काही नाही, आणि पाय मात्र दमले. झोक्याचंही तसंच असतं, कितीही हलला तरी जागचा पुढे सरकत नाही. 'चक्कर'मध्ये हा शीण येत नाही, 'फेरी'त तर अजिबात नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन ओल्या सरीतून निघालेला गडी हेलपाटत चालतो, पण त्याची ती खेप हेलपाटा होत नाही. घड गाडीत पडतो ना!

झुलण्याच्या शब्दांनी अर्थ बदलावा हे नवीन नाही. 'आंदोलन' म्हणजे संस्कृतात झोका, हेलकावा. दरबारी कानडा रागातला गंधार स्वर आंदोलित असतो तो याच अर्थाने. आता आंदोलन म्हटलं की डोळ्यांसमोर मोर्चा येतो. आणि आपण रोज म्हणतो त्या आरत्यांत असे केवढे शब्द जपलेत! समर्थांच्या मारुतीच्या आरतीत भूमंडळ 'डळमळ' होतं, शंकराच्या आरतीची सुरुवातच 'लवथवती'ने होते. डळमळणं आपण सरकारला आणि निश्चयाला लावून जिवंत ठेवलं. लवथवणं, म्हणजे थरथरत हलणं, बोलण्यातून गेलं, आरतीपुरतं उरलं. हेलपाटणं त्याच वाटेवर आहे. नाम टिकलं, कचेऱ्यांच्या कृपेने टिकणारच आहे, पण क्रियापद मी गावातही म्हाताऱ्या माणसांकडूनच ऐकतो.

भाचीला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग उद्या परत जाल तो दुसरा हेलपाटा का?" मी म्हटलं, ते परत आल्यावरच सांगता येईल. जाताना ती नुसती खेप असते.

चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या मंडळींच्या घरात 'हेलपाटणे' चालण्यासाठी अजून बोललं जात असेल, किंवा 'हेल' ओझ्यासाठी, तर ते अख्ख्या वाक्यासकट सांगा. कोण कोणाला आणि कशावरून म्हणालं, तेही लिहा.