रहस्यमालेचा पाचवा भाग आधी हाती आला, तर वाचावा का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
नमस्कार. आमच्या वाचनालयात एका अनुवादित रहस्यमालेचा पाचवा भाग तेवढा मिळाला. आधीचे चार तिथे कधी आलेच नव्हते. वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे दुपारी ऊन उतरेपर्यंत मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. तिसाव्या पानावर गुप्तहेर आपल्या जुन्या सहकाऱ्याने केलेल्या दग्याचा उल्लेख सहज करून जातो. ते ऐकताच वडील म्हणाले, "मिटव पुस्तक. हे आत्ताच कळायला नको होतं." तेव्हापासून खुणेचे एसटीचे तिकीट त्याच पानात आहे. पुढे वाचावे, की आधीचे भाग मिळवावेत?

उत्तर १ (नांदेड)
ताई, वडिलांचे बरोबर आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या पॉयरो या गुप्तहेराच्या कादंबऱ्या बहुतांशी स्वतंत्र असल्याने कोणतीही आधी वाचावी, असे सर्रास सांगितले जाते आणि मीही तसेच केले. पण 1937 च्या 'डम्ब विटनेस'मध्ये पॉयरो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या खुन्यांची नावे घेतो, आणि 1936 च्या 'कार्ड्स ऑन द टेबल'मध्ये 1934 च्या एका गाजलेल्या कादंबरीचे रहस्य एका वाक्यात उघडे पडते. ती कादंबरी कोणती, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिचा शेवट मला असा आयता कळला, याची रुखरुख अजून आहे.

उत्तर २ (अंबाजोगाई)
माझे मत थोडे वेगळे आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचताना आमच्या पिढीने क्रम कधी विचारला नाही. जे पुस्तक हाती पडेल ते वाचायचे, कारण नायकाचे आयुष्य एका पुस्तकातून दुसऱ्यात फारसे सरकत नसे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश या बंगाली गुप्तहेराचे तसे नाही. त्याच्या आयुष्यात सत्यवती येते, संसार सुरू होतो. तरीही नंतरची कथा आधी वाचली, तर तिच्यातले कोडे शाबूत राहते, फक्त त्या दोघांच्या पहिल्या भेटीतली हुरहूर हातची जाते. तेव्हा नायक बदलत जातो का, एवढे पाहावे. तुमच्या मालेत तो बदलतो आणि ज्या दग्याचा उल्लेख आला, तोच बहुधा एखाद्या आधीच्या भागाचा गाभा असणार, म्हणून इथे थांबणेच बरे. वाचनालयाच्या मागणी-नोंदवहीत चारही भागांची नावे अनुवादकाच्या नावासह लिहा. नुसते 'रहस्यकथा हव्यात' असे लिहिले, तर भलतीच पुस्तके येतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचेही आभार. आज नोंदवहीत नावे लिहून आले. वडिलांना विचारले, तर ते म्हणाले की दगा झाला हे कळले असले, तरी त्या माणसाने तो का केला हे अजून कळायचे आहे, आणि ते पहिल्या भागापासूनच ऐकायचे. पाचवा भाग तिकिटासह परत करवेना. तिकीट काढून घेतले आणि पान क्रमांक वहीत टिपून ठेवला.